खानदानी तंबाट्याचं नाव

सोनकडे संस्थानच्या अप्पासाहेब महाराजांनी मुंबईच्या एका बड्या दुकानातून पेटीभर टोमॅटो आणले आणि सगळ्या दरबाराची झोप उडाली. टोमॅटो मोठे झोकदार होते. लालभडक, तळहाताएवढे, अंगावर पगडीसारख्या घड्या. महाराजांनी नाव विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "नाव ठाऊक नाही, पण वाण खानदानी आहे." तेवढं एकच महाराजांच्या डोक्यात बसलं. खानदानी आहे म्हणजे नाव असणारच! रविवारी इंग्रज साहेब जेवायला येणार. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?

राजवैद्यांनी चष्मा लावून 'रक्तकूष्मांड' असं नाव काढलं. दिवाण त्रिंबकरावांनी 'रॉयल रूबी' असं ठोकून दिलं. महाराजांनी दोघांना एवढंच विचारलं, की हे कोणत्या पुस्तकात आहे? दोघांनाही एकदम खोकला आला.

मग पाळी आली राजबागेचा माळी तात्याबा याची. तो बिचारा खरं बोलून बसला.

"सरकार, असलं वाण म्या आजवर बगितलं न्हाई."

"राजबागेचा माळी, आणि तुला फळाचं नाव येत नाही?" महाराज कडाडले. "शनिवारपर्यंत खरं नाव पुराव्यासकट सांग. नाहीतर बागेतलं घर खाली कर."

थापा मारणारे खोकून सुटले आणि खरं बोलणाऱ्याच्या घरावर गदा आली. दरबारात हे असंच चालायचं.

तीस वर्षं राहिलेलं घर. तात्याबा डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक गोजरा मात्र पेटीतला एक टोमॅटो मागून घेऊन बुधवारच्या बाजारात गेली. "मावशी, हे कुठलं तंबाटं?" असं विचारत सकाळभर फिरली. कुणी खांदे उडवले, कुणी तोंड फिरवलं. नदीकाठच्या मळ्यातली कोंडाबाई मेथी विकत बसली होती, तीही म्हणाली, "मला काय ठावं, बाई." राजवाड्यातलं फळ म्हटल्यावर त्या भानगडीत पडणार कोण?

दुपारी गोजरानं विचारणंच सोडलं. आपल्या माणसांना विचारलं तर ती गप्प बसतात, पण कुणी चुकीचं बोललं की त्यांना राहवत नाही. तिनं टोमॅटो एका पाटीवर मांडला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बगा, बगा, दिवाणसायबांचं रॉयल रूबी! इलायती तंबाटं! आपल्या मुलखात कुनाच्या बापानं पिकवलं न्हाई!"

कोंडाबाई मेथीच्या जुड्या टाकून उठली.

"इलायती? अगं ए, जीभ आवर! माझ्या सासूच्या हातचं बी हाय ह्ये. दरसाली येपारी टोपल्या भरून ममईला न्हेतो. रूबी म्हनं! कारभारी म्हंत्यात ह्येला, कारभारी!"

"कारभारी? ते का वो, आजी?"

कोंडाबाईनं तिच्या कानात कारण सांगितलं. गोजरा पदर तोंडाला लावून हसत सुटली.

शनिवारी दोघी दरबारात हजर झाल्या. कोंडाबाईनं आपली टोपली महाराजांच्या पेटीशेजारी ठेवली. टोपलीतला टोमॅटो कुठला आणि पेटीतला कुठला, हे राजवैद्यांच्या चष्म्यालाही कळेना.

"म्हणजे मी मुंबईहून जे आणलं ते..." महाराज अडखळले.

"आपल्याच नदीकाठचं हाय, सरकार," गोजरा म्हणाली. "नुसतं ममई बघून आलंय."

"बरं, बरं. नाव सांग."

"कारभारी."

दिवाण त्रिंबकराव खुलले. "अगदी समर्पक! भारदस्त फळ आहे, नावही भारदस्त हवं."

"पण असं नाव का पडलं?" महाराजांनी विचारलं.

गोजरानं सुरी मागवली आणि टोमॅटो मधोमध कापला. आत ना गर, ना रस. बियांचा एवढासा गोळा आणि बाकी सगळी पोकळी.

"वरनं पगडी आन् आत ह्ये असं, सरकार. नुसता चिरला तर कोशिंबिरीला चालत न्हाई, आमटीला चालत न्हाई. पर आत सारण भरलं की कसा झकास कामाला येतो! भरल्याबिगर कारभारी कुनाच्या कामाला आलाय?"

दिवाणसाहेब छताकडे बघू लागले. आणि महाराज जे हसायला लागले ते गादीवर लोळायचेच बाकी राहिले.

"त्रिंबकराव," ते डोळे पुसत म्हणाले, "रविवारी साहेबांना हे नाव तुम्हीच समजावून सांगायचं! कोंडाबाईला लुगडं-चोळी द्या. घर तात्याबाचंच, आणि वर बागेलगतची दोन एकर जमीन गोजराला. सोमवारी कचेरीतून तिला तसा कागद करून द्या."

गोजरा जागची हलली नाही.

"आता काय राहिलं, पोरी?"

"सरकार, कागद हितंच द्या, तुमच्या हातचा. कचेरीतनं आनायचा म्हंजी मला आदी घरी जाऊन सारण करावं लागंल."

महाराज पुन्हा पोट धरून हसले, त्यांनी त्रिंबकरावांच्या हातातली लेखणी काढून घेतली आणि तिथल्या तिथं कागद लिहून सही ठोकून दिली.