ठुमीचं मुकं पैंजण

चिचुंद्री होती एवढीशी. माझ्या अंगठ्याएवढी. तिचं नाव ठुमी.

ठुमीच्या पायात पैंजण. पैंजणाला एकच घुंगरू.
ठुमी चालायची लुटुलुटु. घुंगरू वाजायचं छुन छुन.

ठुमीच्या आईला कमी दिसायचं. पण छुन छुन ऐकलं, की आई म्हणायची, "आली गं माझी ठुमी." मग निवांत कामाला लागायची.

एक दिवस काय झालं?
टप. घुंगरू निसटलं.

ठुमी गेली नारूकाका सोनारांच्या दुकानात. पैंजण दिलं. घुंगरू दिलं.
"काका, एवढं जोडून द्या."
"उद्या ये," काका म्हणाले.
ठुमी उद्या गेली.
"उद्या ये," काका म्हणाले.
ठुमी परत गेली. काकांनी गुलाबी कागदाची पुडी दिली.

ठुमीनं घरी येऊन पुडी उघडली. पैंजण कसं लखलखीत. पायात घातलं. चालली लुटुलुटु.
पण छुन नाही नि छुन नाही.
घुंगरू कुठंय? घुंगरू नाहीच.

आई म्हणाली, "ठुमे, आहेस का गं?"
"आहे, आई."
थोड्या वेळानं परत, "आहेस का गं?"
आई दारातून हलेना. आई जेवेना.

ठुमीला रडू आलं. तिनं डोळे पुसले आणि निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"काका, घुंगरू राहिलं."
"राहिलं खरं. ते बघ, डबीत पडलंय."
"मग जोडा ना."
"शेगडी विझली. निखारा आण, मग जोडतो."

ठुमी गेली लुटुलुटु. हौसामावशी भाकरी करायची तयारी करत होत्या.
"मावशी, मावशी, निखारा द्या.
काका घुंगरू जोडेना,
पैंजण माझं वाजेना,
आईला घरी करमेना."
मावशी म्हणाल्या, "चूल पेटलीच नाही, बाळा. काटक्या आण, मग देते."

ठुमी गेली लुटुलुटु. वाटेत चिंचेचं झाड.
"चिंचबाई, चिंचबाई, काटक्या टाका.
मावशी निखारा देईना,
काका घुंगरू जोडेना,
पैंजण माझं वाजेना,
आईला घरी करमेना."
चिंच म्हणाली, "माझ्या बुंध्याला सुटलीय खाज. मला काही सुचत नाही. शेळीला म्हणावं, पाठ घासून जा. मग टाकते."

ठुमी गेली लुटुलुटु. शेळी बसली होती सावलीत.
"शेळीताई, शेळीताई, पाठ घासायला चल.
चिंच काटक्या टाकेना,
मावशी निखारा देईना,
काका घुंगरू जोडेना,
पैंजण माझं वाजेना,
आईला घरी करमेना."
शेळी हळूच म्हणाली, "शूऽऽ. करडू झोपलंय पोटाशी. ते उठलं, की येते."

करडू झोपलं होतं घुर्र घुर्र. ठुमी गेली त्याच्या कानाशी.
"करडू, करडू, ऊठ रे.
शेळी जागची हलेना,
चिंच काटक्या टाकेना,
मावशी निखारा देईना,
काका घुंगरू जोडेना,
पैंजण माझं वाजेना,
आईला घरी करमेना."

करडू घुर्र घुर्र.
ठुमी आणखी जवळ गेली. तिचं टोकदार नाक करडाच्या नाकाला लागलं. गुदूगुदू, गुदूगुदू.
आ... आ... आक्-छी.

करडू उठलं टुणकन.
शेळी निघाली तुरुतुरु. चिंचेला पाठ घासली खसाखसा.
"आहाहा," म्हणाली चिंच. काटक्या पडल्या पटापटा.
शेळीनं उचलल्या, मावशींना दिल्या. चूल पेटली धडधड.
मावशींनी खापरीत निखारा घेतला आणि स्वतःच निघाल्या. पुढं मावशी, मागं ठुमी.

मावशी म्हणाल्या, "नारू, एवढ्याशा पोरीला किती रे फिरवलंस?"
काकांनी मान खाली घातली.
"चुकलंच माझं, ठुमे. पुडी बांधण्याआधी बघायला हवं होतं."

काका बसले शेगडीशी. फू फू फू. घुंगरू चिकटलं चट्ट.
या वेळी काकांनी पैंजण कानाशी धरलं. हलवून बघितलं.
छुन.
"आता घाल," काका म्हणाले.

ठुमी निघाली घरी. लुटुलुटु, छुन छुन. लुटुलुटु, छुन छुन.
आई दारात बसली होती. तिनं कान टवकारले.
"आली गं माझी ठुमी."

मग आई उठली. दोघी पोटभर जेवल्या.

पैंजण राहिलं ठुमीच्या पायात, गोष्ट राहिली आपल्या कानात.