काळा पडलेला प्लग

पतसंस्थेचे चेअरमन बाजीराव जगदाळे यांची गाडी चढावर आचके देऊ लागली आणि शिव्या मात्र ड्रायव्हर दौलतला बसल्या. नसीमआपा मुलाणींच्या गॅरेजात पोहोचेपर्यंत त्याची नोकरीही गेली होती.

आपांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून त्या एकेका प्लगची वायर काढून परत बसवू लागल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही.

“हा मेलाय. ज्याला काढून काही फरक पडत नाही, तोच बिनकामाचा,” आपा म्हणाल्या. नवा प्लग बसवताच इंजिन एका लयीत चालू लागलं.

दौलतची माफी मागायची सोडून चेअरमन त्याच्यावर खेकसले, “तूही तसलाच बिनकामाचा! घरी बस!”

आपांचं टाळकं सरकलं. “साहेब, दौलत तापानं पडला होता, तेव्हा गाडी चालली?”

“कशी चालणार? दारातच उभी होती.”

“आणि तुम्ही महिनाभर परदेशात होता, तेव्हा पतसंस्था?”

चेअरमननी छाती फुगवली. “एक दिवस अडली नाही!”

आपांनी तो काळा पडलेला प्लग त्यांच्या तळहातावर आपटला. “मग घरी कुणी बसायचं, ते तुम्हीच सांगितलंत.”