ड श्रेणीतली सतरा नावं

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या पोटात घाला. शब्दही साधेच आहेत. पाचवीत शाळा सुटली. तेव्हापासून लिहितो ते भिंतींवर, ब्रशने, आणि तेही दुसऱ्याने कागदावर दिलेलं.

“...पण नावं भिंतीवरच कशाला?” मावस्कर गुरुजींनी विचारलं.

त्या दिवशीची शाळा सुटली होती. मी व्हरांड्यात स्टुलावर उभा होतो. अ, ब, क श्रेणीतल्या पोरांची नावं हिरव्या रंगात लिहून झाली होती. आता लाल डबा उघडायचा होता.

“आईबापांना दिसावीत म्हणून,” ठोसर सर म्हणाले. “आणि उद्या तपासणीला साहेब येतायत. मी काही झाकून ठेवत नाही, हे त्यांनाही दिसू दे.”

ठोसर सर जूनमध्येच आमच्या मेळघाटात बदलून आले होते. माणूस मेहनती. बेचाळीस पोरांची एकट्याने चाचणी घेतली आणि तक्ता केला. मुलं किती, मुली किती, कोण कुठल्या वस्तीतलं, कोणाची कोणती श्रेणी. गावातली तेवीस पोरं होती, त्यांतलं एकही ड श्रेणीत नव्हतं. ढान्यावरची, म्हणजे आमच्या कोरकू वस्तीतली, एकोणीस. त्यांतली सतरा ड श्रेणीत.

ही सतरा नावं मला ‘अप्रगत’ या शब्दाखाली लाल रंगात लिहायची होती.

मावस्कर गुरुजी याच शाळेतून निवृत्त झालेले. तेही कोरकू. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. आज ते नातीचा हात धरून आले होते. नात सुंदाय, दुसरीतली. सतरातलं तिसरं नाव तिचं होतं.

“सर, ही पोरं चुकतात कुठे?” गुरुजींनी विचारलं.

“कुठे चुकत नाहीत ते विचारा. पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवलं की म्हणतात, डा. एकानं नाही, सगळ्यांनी. एकच मुळाक्षर येतं, ड. म्हणून श्रेणीही तीच दिली.”

सर स्वतःच हसले. गुरुजी हसले नाहीत.

“माझी घ्या चाचणी.”

“गुरुजी...”

“घ्या की. कार्डं तुमच्या बॅगेतच असतील.”

सरांनी कार्ड काढलं. पाण्याचा पेला.

“डा,” गुरुजी म्हणाले.

“थट्टा करताय माझी?”

“पुढचं दाखवा.”

पुढचं घराचं होतं.

“उरा.”

सर कार्ड तसंच धरून उभे राहिले.

“डा म्हणजे पाणी,” गुरुजी म्हणाले. “उरा म्हणजे घर. लिहा माझंही नाव. अठरावं.”

चाचणीच्या दिवशी मी खिडकीबाहेर या भिंतीची चौकट आखत होतो. पोरांची उत्तरं मी ऐकली होती. ती बरोबर होती, हेही मला कळलं होतं. पण सरांपुढे तोंड उघडायची मला लाज वाटते. मी रेघा मारत राहिलो.

सरांचा चेहरा उतरला, पण मागे हटणारा माणूस नव्हता तो.

“चाचणी मराठीची आहे, गुरुजी. पुस्तक मराठी, परीक्षा मराठी. पुढे हायस्कूलला कोण कोरकू विचारणार आहे? मराठीत सांगता यायला हवं की नको?”

“हवं.”

“नाही येत.”

“नाही येत.”

“मग पोरं मागेच आहेत.”

“आहेत.”

“मग माझं चुकलं कुठे?”

व्हरांड्याच्या कोपऱ्यात माठ होता. गुरुजींनी सुंदायला तिकडे पाठवलं. तिने पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून आणला.

“मागा तिच्याकडे,” गुरुजी सरांना म्हणाले. “तिच्या बोलीत.”

“हे काय चाललंय...”

“दिवसभर शिकवून तहानला असाल तुम्ही. मागा.”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी खाली पाहिलं.

“डा,” सर म्हणाले.

सुंदाय खुदकन हसली. तिने मान हलवली, पेला छातीशी घेतला आणि शब्द नीट म्हणून दाखवला. तिच्या डामध्ये आणि सरांच्या डामध्ये फरक होता. तो मला ऐकू येतो, लिहून दाखवता येत नाही.

“डा.”

पुन्हा मान हलली.

सरांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता ते पेला उडवून देतील किंवा पोरीवर ओरडतील. माझ्या हातातला ब्रश खाली पडला. आवाजाने तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“पेंटर, तू नको घाबरू,” गुरुजी म्हणाले. “तुझी परीक्षा नाही.”

“डा,” सर तिसऱ्यांदा म्हणाले. अगदी हळू.

हेही चुकलंच होतं.

सुंदायने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग पुढे झाली आणि पेला त्यांच्या हातात दिला.

सर पाणी प्यायले. सगळं प्यायले. पेला रिकामा झाल्यावरही तो हातात धरून उभे राहिले. मग मला विचारलं, “लाल रंग वाळायला किती वेळ लागतो?”

मी सांगितलं, चार-पाच तास.

“साहेब साडेदहाला येतात,” सर म्हणाले. लिही म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

गुरुजी नातीला घेऊन पायऱ्या उतरले. खाली जाऊन थांबले. वळले नाहीत.

“गुण नाही दिले तिने,” ते म्हणाले. “पाणी दिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शाळेत गेलो. सर आधीच आले होते, एकटेच टेबलाशी बसले होते. पुढ्यात तक्ता होता. सतरा नावं मी लिहिली नव्हती, त्यांची चिठ्ठी माझ्या खिशातच होती. ती मी त्यांच्यासमोर ठेवली. बोलायचं ठरवूनच आलो होतो.

“सर, कार्डं काढा,” मी म्हणालो. “पोरं आली की एकेकाला बोलवा. ती काय सांगतात ते मी तुम्हाला मराठीत सांगतो. मराठी शब्द त्यांनाही सांगतो.”

सरांनी बॅग उघडली. मी पोरं बसतात त्या रांगेत खाली बसलो.