धाकू तांडेल आणि हललेला ध्रुव

एक होता राजा, समुद्रकाठचा. त्याची एकुलती एक लेक, पोवळी. एकदा काय झालं, तिची झोपच उडाली. सात रात्री डोळ्याला डोळा नाही! पोर पार सुकली. वैद्य म्हणाला, "पल्याडच्या बेटावर झोपेचं फूल आहे. त्याला तीन पाकळ्या. खुडलं की रोज सांजेला एक गळते. तिसरी गळायच्या आत आणा, नाहीतर पोर हातची जाईल."

मग राजाने धाकू तांडेलाला धाडलं. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, बरं का. त्याच्याकडे होती एक दोरी. तिच्या टोकाला पंज्याएवढी फळी, मध्ये एक गाठ. सांजेला गाठ पुढच्या दातांत धरायची, दोरी ताणायची, एक डोळा मिटायचा. फळीची खालची कड समुद्राच्या रेघेवर ठेवायची. उत्तरेला जावं तसा ध्रुव आभाळात वर चढतो. तो वरच्या कडेला टेकला, की आपलं गाव आलं!

निघताना बायकोने, चांगुणेने, बरोबर गुळाच्या पाकातले टणक खटखटे लाडू दिले. बेटावर धाकूने फूल खुडलं आणि खुशीत लाडवाचा लचका तोडला. कट्ट! बघतो तर काय, पुढचे दोन्ही दात लाडवात! हसता काय रे? बिचारा कळवळला की!

मग तो परत निघाला. पहिली सांज झाली. पुढे दात नाहीत, म्हणून त्याने गाठ दाढेत धरली. तर फळीने ध्रुवाला झाकूनच टाकलं! "गाव अजून वर, उत्तरेक हा," म्हणून त्याने गलबत पुढे हाकललं.

खलाशी म्हणाले, "तांडेलानू, ती आपल्याच गावची दीपमाळ मां?"

धाकू म्हणाला, "दोरी खोटा बोलणा नाय!"

किनाऱ्यावर राजा हात वर करून ओरडतोय आणि गलबत आपलं नाकासमोर चाललंय! राजा मटकन खालीच बसला. पहिली पाकळी गळली.

मग दुसरी सांज. ध्रुव बरोब्बर कडेला टेकला. धाकू उडी मारून धावत सुटला. दार ठोठावलं, "गो चांगुणा!" दार उघडलं एका मिशाळ बाप्याने! गाव परकं, घर परकं. दुसरी पाकळी गळली.

धाकू वाळूत कोसळला. "ध्रुव हलला रे! देवाने अढळ केलेला ध्रुव हलला! आता पोवळी मरतली!"

तेवढ्यात आभाळात कोणीतरी हसलं. ध्रुवच तो! जागचा न हलता बोलला, बरं का.

"धाक्या, युगं झाली, मी कधी हललो का? हलले ते तुझे दात! दाढ किती आत आहे, बघ."

धाकूने बोट घालून पाहिलं. चांगली दोन बोटं आत! तेवढी फळी डोळ्याजवळ आली होती, म्हणून मोठी दिसून ध्रुवाला झाकत होती आणि गाव मागेच राहिलं होतं. त्याने कपाळावर हात मारला आणि गलबत माघारी फिरवलं.

मग तिसरी सांज. त्याने गाठ पुढच्या हिरडीवर चिमटीने दाबली. ध्रुव कडेला टेकला. समोर दीपमाळ! राजा कमरेएवढ्या पाण्यात धावत आला. फूल पोवळीजवळ नेलं, तोच शेवटची पाकळी सुटली आणि थेट पोवळीच्या पापणीवर पडली. पोवळीने जांभई दिली आणि झोपली. एवढा मोठा राजा, पण ढसाढसा रडला.

चांगुणा किंचाळली, "अगो बाय, दात खंय?" धाकूने तोच दात रुतलेला लाडू पुढे केला.

तेव्हापासून ती पाक मऊ करते आणि सगळे सुखात आहेत. ध्रुव तिथेच आहे, सकाळीही तिथेच असेल. आता तुम्हीपण हलायचं नाही. मिटा डोळे.