एका पाटाचे राज्य

त्या राज्यात प्रत्येकाचे काम पाण्यावर चाले आणि पाणी सगळ्यांना एकाच पाटाने येई. पाट सांभाळायला एक पाणमांजर होती. तिला सारे पाटकरीणबाई म्हणत. पाट डोंगरातल्या जुन्या झऱ्यापासून निघे. त्याचे पाणी चुन्याचे, जड. पण पिढ्यान्‌पिढ्या सर्वांचा हात त्याच पाण्यावर बसलेला.

एका वर्षी वरच्या अंगाला नवा झरा फुटला. पाणी हलके, नितळ. वैद्य बगळ्याने त्यात काढा उकळून पाहिला आणि तो दरबारात म्हणाला, "माझ्या औषधाला हेच पाणी हवं होतं." दरबाराने लगेच ठरवले, यापुढे राज्याचे पाणी हेच. पाटकरीणबाईने नवा झरा पाटाला जोडला आणि जुन्याच्या तोंडावर दगड लोटला. नवे ते चांगलेच असणार, असे तिलाही वाटले.

थोड्याच दिवसांत रंगारी साळिंदर ओले सूत घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग मळकट उतरला होता.

"बाई, मुळ्या त्याच, भट्टी तीच. पाणी तेवढं बदललं."

"नव्या पाण्याची सवय करून घ्या की, दादा."

"मी घेईन. मुळ्यांना कोण सांगणार?"

तिने जाऊन जुन्या झऱ्याच्या तोंडावरचा दगड सारला. दोन्ही झरे एकाच पाटात उतरले. रंग होता तसाच मळका राहिला, वर काढाही फाटला. काढा खारीच्या तापलेल्या पिलासाठी होता.

मग तिने दोन झऱ्यांना दोन टाक्या बांधल्या आणि पाटाच्या तोंडाशी फिरती फळी बसवली. फळी इकडे केली की जुने पाणी, तिकडे केली की नवे. काही काळ सगळे सुरळीत चालले. पण एकदा साळिंदरासाठी फिरवलेली फळी, गळकी टाकी लिंपण्याच्या नादात, ती परत फिरवायला विसरली. बगळ्याने नेहमीसारखा घडा भरून नेला. पिलाचा उतरत आलेला ताप पुन्हा चढला.

खार भांडली नाही. "फळी कुठं आहे ते रोज आम्ही बघायचं का, बाई?" एवढेच तिने विचारले.

पाटकरीणबाईने फळी उपटून काढली आणि प्रत्येकाच्या दारापर्यंत, त्याला हव्या त्या टाकीपासून, वेगळा चर खणायला घेतला. दरबाराचा मुकादम रानडुक्कर धावत आला.

"राज्य एक आणि पाट दारागणिक? जमीन किती वाया जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि खणत राहिली. साळिंदर कुदळ घेऊन आला. खार माती ओढू लागली. पिलू हळूहळू सावरले आणि झाडावर चढू लागले.

पुढे डोंगरात तिसरा झरा फुटला. नगारे वाजले, यापुढे सगळ्यांना हेच पाणी, असा नवा हुकूम मुकादम सांगत फिरला. पाटकरीणबाईने त्या पाण्याला वेगळी टाकी बांधली, तिचे दार लावून घेतले आणि एक छोटा लोटा भरून, हे पाणी कुणाच्या कामाला चालेल, ते ती घरोघर विचारायला निघाली. साळिंदराच्या भट्टीचे सांडपाणी नेणारा चर लालभडक वाहत होता, शेजारचा नितळ. मध्ये वीतभर मातीचा बांध होता. लोट्यातला थेंबही कोणत्या बाजूला सांडू नये म्हणून ती त्याच्यावर हात धरून, पाऊल जपून टाकत चालली होती.