ज्ञानसूर्याची सावली

“मग पाचवे सौर पॅनल बसवू का, बुवा?”

बुवांचा शिष्य यदुनाथ गाडीच्या छतावरून विचारीत होता. खाली मठासमोर, शिडीशेजारी खुर्ची टाकून त्रिंबकबुवा बसले होते.

ती गाडी पूर्वी शाळेची बस होती. आतली बाके काढून यदुनाथाने तिचे फिरते घर केले होते. त्यात एक पलंग होता, एक शेगडी आणि एक लहानसा फ्रिज. गुडघ्यांमुळे बुवांना बसून प्रवास होत नसे. घाटापलीकडच्या एका खेड्यात त्यांची धाकटी बहीण सरू शेवटच्या आजारात होती. तिच्याजवळ जाऊन महिनाभर राहावे, एवढीच बुवांची इच्छा उरली होती.

त्या खेड्यात विजेचा भरवसा नव्हता, आणि बुवांचे इन्सुलिन थंड राहणे आवश्यक होते. फ्रिज चालत नसेल तर निघू नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते.

निघायचे उद्या पहाटे होते. फ्रिज मात्र रोज बंद पडत होता.

“चार आहेत ना?” बुवांनी विचारले.

“चार आहेत. पारखून घेतली आहेत. लवचिक पॅनल वजनाला हलकी असतात, परंतु ती छताला चिकटून तापतात, आणि तापली की वीज कमी देतात. म्हणून काचेचीच घेतली. खालून वारा खेळावा, यासाठी चार बोटे उंच बसवली. त्यांच्याकरिता छताला एकही भोक पाडले नाही. सगळी चिकटवली आहेत.”

“उत्तम.”

“वीज खात्यात अभियंता म्हणून माझी हयात गेली, बुवा. माझ्या कामात खोट निघायची नाही.”

“मग फ्रिजच अडाणी म्हणायचा.”



“चारही पॅनलांवर ऊन पडते ना?”

“तीन पॅनलांवर पूर्ण पडते.”

“आणि चौथ्यावर?”

“…थोडी सावली येते.”

“असू दे. तीन तरी चालत असतील.”

“तसे होत नाही. ती एका माळेत जोडलेली आहेत. एकाचे अडले की साऱ्यांचे अडते. जोडणी बदलूनही पाहिली, तरी पुरेशी वीज मिळत नाही.”

“सावली कशाची? इथे झाड तर नाही.”

“सकाळी या अंगाला पडते, दुपारनंतर त्या अंगाला. भर माध्यान्ही तेवढी सुटका.”

“केव्हा पडते ते नाही विचारले. कशाची पडते?”

“पाटीची.”

छताच्या मध्यभागी माणसाच्या उंचीची पत्र्याची पाटी उभी होती. तिच्यावर बुवांची तसबीर रंगवलेली होती. दूरच्या गावाला दिसावी, म्हणून यदुनाथाने ती मुद्दाम तेवढी उंच करून घेतली होती.

“माझे डोळे आता गेले. वाचून दाखव.”

यदुनाथ ताठ उभा राहिला. “परमपूज्य, ज्ञानसूर्य, श्री त्रिंबकबुवा महाराज.”

“सूर्याची सावली पडते, हे आजच ऐकले.”

“आपण थट्टा करता, बुवा.”

“खाली आणखी एक ओळ आहे. अक्षरे लागत नाहीत मला, पण तांबडा रंग दिसतो.”

“…चरणरज यदुनाथ.”

“धूळ बरीच ठळक आहे.”

यदुनाथाची मान खाली गेली. तो म्हणाला, “ती ओळ आत्ताच्या आत्ता खरवडून टाकतो.”

“त्या ओळीची सावली केवढी?”

“ओळीची अशी वेगळी नाही. सावली पाटीची आहे.”

“मग ओळ खरवडून फ्रिज चालेल?”

“नाही.”

“पॅनल चिकटवली म्हणालास. पाटी कशाने बसवलीस?”

“वाऱ्याने हलू नये, म्हणून बोल्टांनी.”

“छताला भोके पाडून?”

“…होय.”

“म्हणजे उन्हाला चिकटवलेस आणि मला ठोकलेस.”

माळावरून वारा आला. पाटीचा पत्रा थोडा वाजला आणि थांबला.

“बुवा, दोष कुठे आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. पण आपल्या मुखाशी पाना न्यायला हात धजला नाही. म्हणून पाचव्या पॅनलचे विचारले.”

“पाचव्याने भागेल?”

“भागणार नाही.”

“आणि सरू?”



बुवा खुर्चीतून उठले. त्यांनी शिडी धरली आणि एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. गुडघा थरथरू लागला.

“चढू नका, बुवा. मी… मी काढतो.”

त्याने एकेक बोल्ट सोडवला. पाटी आडवी झाली, तेव्हा उतरते ऊन चारही काचांवर सारखे पसरले. उरलेली भोके त्याने नीट बुजवली. काही वेळाने गाडीच्या आतून फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली.



यदुनाथाने पाटी दोराने खाली सोडली, स्वतः उतरला आणि तिला छातीशी धरून उभा राहिला.

“आता ही कुठे ठेवू? मठाच्या दर्शनी भिंतीवर लावू?”

“दाराशी आण.”

गाडीचे मागचे दार उंचावर होते. बुवांना ती उंची चढवत नसे. दोघातिघांनी उचलून त्यांना आत न्यावे लागे. पाटीला आतून लोखंडी अँगलची भक्कम चौकट होती. बुवांनी काठीने दाखवले तसे यदुनाथाने तिचे एक टोक दारात टेकवले आणि दुसरे जमिनीवर. चढण तयार झाली. मग तो दचकला.

“तसबीर वर आली, बुवा. उलटी करतो.”

“कर उलटी.”

त्याने पाटी उलटली. दुसऱ्या अंगालाही तसबीर होतीच.

“दोन्हीकडे मीच आहे,” बुवा म्हणाले. “पैसे पुरे वसूल केलेस रंगाऱ्याकडून.”

त्यांनी वहाणा काढल्या नाहीत. काठी टेकीत ते पाटीवरून चढू लागले. पहिले पाऊल स्वतःच्या हनुवटीवर पडले, पुढचे कपाळावर. ते आत पोचले आणि पलंगाच्या कडेवर विसावले.

यदुनाथ खालीच उभा होता. त्याचे हात जोडलेले होते, पाऊल उचलत नव्हते.

“बुवा, मी… मी पुढच्या दाराने येतो.”

“त्या दाराने ड्रायव्हर येतो,” आतून बुवा म्हणाले. “तुला यायचे असेल, तर मी आलो त्याच वाटेने ये.”