महाराजांचं 'वेअर'

"इफ आय वेअर अ किंग!"

चांदसुऱ्याचे रणधीरराव महाराज भर दरबारात कडाडले आणि मिशीवर ताव देत म्हणाले, "सांगा मास्तर, काय बोललो आम्ही?"

"मी राजा असतो तर..." इंग्रजी शिकवणारे विसूमास्तर नको इतकं खरं बोलून गेले.

"असतो तर? म्हणजे नाही?"

"व्याकरण आहे, महाराज! जे नाही ते नुसतं कल्पायचं असलं, की इंग्रजीत 'वेअर' येतं."

"आमच्याच तोंडून आम्हांला गादीवरून उतरवता? गाढव आणा रे! मास्तरांना उलटं बसवून गावभर फिरवा!"

कामं रेंगाळणाऱ्या त्या राज्यात गाढव मात्र लगेच आलं.

मास्तरांची नवी सून कावेरी नेमकी तेव्हाच त्यांची विसरलेली तपकिरीची डबी घेऊन दाराशी पोचली. मामंजींची धिंड निघाली, तर पाणवठ्यावर बाया तिला नवी नवरी म्हणणार नव्हत्या, गाढववाल्यांची सून म्हणणार होत्या!

मास्तरांनी लोटांगण घातलं. महाराज जरासे निवळले.

"बरं! याच 'वेअर'चं एक वाक्य करा. आम्ही जे नाही तेच त्यात सांगा, पण मान मात्र वाढला पाहिजे. नाहीतर गाढव!"

"महाराज सिंह असते तर..."

"म्हणजे आत्ता शेळी आहोत?"

"सूर्य असते तर..."

"म्हणजे अंधार पाडतो आम्ही?"

"कल्पवृक्ष असते तर..."

"म्हणजे चिक्कू?"

दरबाऱ्यांनी उपरणी तोंडात कोंबली. बाहेर गाढव ओरडलं.

कावेरी दाराआडून ऐकत होती. काय बाई हे वाक्य! गोड घालावं तर कडू निघतंय. मग कडूच का घालू नये?

पदर सावरत ती पुढे झाली. "महाराज, मी सांगू? मराठीत सांगते, इंग्रजी मामंजी करतील."

"सूनबाई, गप्प!" मास्तर कुजबुजले.

"बोलू द्या तिला!"

"महाराज मूर्ख असते..."

प्रधानांनी डोळे मिटून घेतले. मास्तर तर आपण होऊनच गाढवाकडे निघाले.

"...तर मामंजी एव्हाना गाढवावर असते!"

महाराजांची मिशी थरथरली. "मास्तर, थांबा! हिनं आम्हांला मूर्ख म्हटलं?"

"छे छे, महाराज! जे नाही तेच सांगितलं. व्याकरणानं आपण मूर्ख नाही."

"अस्सं! आणि आम्ही तुम्हांला आत्ता गाढवावर बसवलं तर?"

कावेरी खाली मान घालून हळूच म्हणाली, "मग 'असते' जाईल नि 'आहेत' येईल, महाराज!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळून प्रधानांच्या मांडीत पडली!

"शाबास पोरी! माग, काय हवं ते माग! पण 'असतं तर, नसतं तर' नको हं, रोखठोक बोल!"

नव्या नवरीला मागायला विचार कसला करावा लागतो? "श्रावणात महिनाभर माहेर!"

"दिलं! आणि जाशील ती आमच्या पालखीतून!"

श्रावण लागला. पालखी मास्तरांच्या अंगणात टेकली, पुढे भालदार, मागे चोपदार. सूनबाईंना आठ दिवसांपेक्षा जास्त धाडायचं नाही, असं ठरवून बसलेल्या सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लाडवांचा डबा आत ठेवला. करतात काय? राजाज्ञाच ती!